प्रांतिक वस्तुसंग्रहालय पाहण्याची पूर्वतयारी : चीनमधील हूनान वस्तुसंग्रहालय

परदेशातील एखादे मोठे वस्तुसंग्रहालय पाहून आलेला प्रवासी बहुधा एकच तक्रार करतो : पाहण्यासारखे पुष्कळ होते, पण वेळ अपुरा पडला. दोष वेळेला दिला जातो; वस्तुतः उणीव पूर्वतयारीची असते. प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण लेखकाच्या निरीक्षणशक्तीची चर्चा करतो, पण त्या निरीक्षणाआधी त्याने घरी बसून काय वाचले होते, याचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात चीनमधील एका प्रांतिक वस्तुसंग्रहालयाच्या भेटीची आखणी कशी करावी, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी हूनान प्रांताची राजधानी चांगशा येथील संग्रहालय निवडले आहे. तेथील सर्वांत प्रसिद्ध दालनात एका स्त्रीचा मृतदेह ठेवलेला आहे. तयारीशिवाय गेलेल्या माणसाला तेथे एक प्रेत दिसते. तयारीने गेलेल्याला एका घरातील कर्ती बाई दिसते. आखणीचा सारा खटाटोप या फरकासाठी आहे.

प्रांतिक संग्रहालयाचे स्वरूप

बीजिंगच्या राजवाड्यातील संग्रह मुख्यतः सम्राटांनी जमवलेल्या वस्तूंचा आहे. प्रांतिक संग्रहालयांचे तसे नाही. तेथील महत्त्वाच्या वस्तू बहुतांशी त्या त्या प्रांताच्या मातीतून निघालेल्या असतात आणि ‘आमचा प्रदेश कसा घडला’ हे सांगण्यासाठी त्या मांडलेल्या असतात. म्हणून आखणी करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की या प्रांतात काय सापडले? दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे : जे सापडले ते आज आहे कोठे?

दुसरा प्रश्न न विचारल्यास फसगत होते. चार कोपऱ्यांवर चार मेंढे असलेले कांस्याचे एक प्राचीन मद्यपात्र चीनच्या कलेतिहासावरील बहुतेक पुस्तकांत आढळते. ते १९३८ साली हूनानमधील निंगश्यांग येथे सापडले. परंतु आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उलट, मिन फांगलेई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी कांस्यपात्राची कथा सुखान्त आहे. त्याचे झाकण हूनानमध्ये राहिले आणि मूळ पात्र परदेशी संग्राहकांच्या हाती गेले. २०१४ साली ते पात्र परत मिळवण्यात आले आणि झाकण व पात्र यांची चांगशात पुन्हा गाठ पडली. प्रांताला आपल्या वस्तूंविषयी किती जिव्हाळा असतो, हे समजून घेण्यास ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

मावांगद्वेईची थडगी

चांगशाच्या पूर्व भागात मावांगद्वेई नावाची टेकाडे होती. १९७१ च्या अखेरीस तेथे एका लष्करी रुग्णालयासाठी भूमिगत आसरा खोदण्याचे काम चालू असताना जमिनीतून वायू बाहेर पडू लागला आणि ठिणगी लागताच पेटला. त्यावरून खाली हवाबंद पोकळी असल्याचे ध्यानात आले. १९७२ ते १९७४ या काळात तेथे तीन थडग्यांचे उत्खनन झाले. ती एकाच कुटुंबाची निघाली. दुसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात सापडलेल्या मुद्रांवरून ली त्सांग या पुरुषाची ओळख पटली. तो चांगशा राज्याचा प्रधान होता आणि ‘दाई’ची जहागीर त्याच्याकडे होती. (मराठी वाचकाला ‘दाई’ हा शब्द भलतीकडे नेईल, येथे ते जहागिरीच्या मुलखाचे नाव आहे.) त्याचा मृत्यू इ. स. पूर्व १८६ मधला. तिसरे थडगे त्याच्या मुलाचे असून त्यातील एका लाकडी फळीवरील नोंदीवरून ते इ. स. पूर्व १६८ चे ठरते. पहिले थडगे ली त्सांगच्या पत्नीचे, शिन च्वेई हिचे. मृत्युसमयी तिचे वय पन्नाशीच्या आसपास होते. आपल्याकडे भाजे येथील चैत्यगृह ज्या शतकातले मानले जाते, त्याच शतकातील ही हकीगत आहे.

तीन थडगी एकाच घराण्याची, एकाच जागेतली. मग देह टिकला तो एकीचाच, असे का? याचे उत्तर बांधणीत आहे. शिन च्वेईची शवपेटी सुमारे सोळा मीटर खोल खड्ड्यात होती. एकात एक बसवलेल्या चार पेट्या, त्यांभोवती जाड लाकडी कक्ष, कक्षाभोवती लाकडी कोळशाचा थर आणि त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा जाड लेप, अशी ती रचना होती. कोळशाने ओल शोषली, मातीने हवा आणि पाणी अडवले. हा लेप कोठेही तुटला नाही. पतीच्या थडग्यात चोर शिरले होते आणि तेथील लेपही तसा अभंग नव्हता. त्यामुळे तेथे देह उरला नाही. संग्रहालयात मूळ आकाराच्या खड्ड्याची प्रतिकृती उभारलेली आहे. वर वाचलेले मनात असेल, तर त्या खड्ड्याच्या भिंतीकडे पाहताना प्रेक्षक नुसता खोलीने दिपून जात नाही. लेप कोठे होता हे तो शोधू लागतो.

यादी आधी, देह नंतर

या भेटीसाठी घरी करावयाची मुख्य तयारी म्हणजे एका यादीची ओळख करून घेणे. शिन च्वेईच्या थडग्यात ३१२ बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. तिच्याबरोबर काय काय पुरले, याची ती नोंद आहे : मांसाचे पदार्थ, धान्य, कपडे, भांडी, वाद्ये. घरातील कारभाऱ्याने लेकीच्या सासरी पाठवायच्या सामानाची टीप करावी, तसा हा प्रकार. यादी आणि वस्तू दोन्ही हाती असल्यामुळे अभ्यासकांना लिहिलेले नाव आणि प्रत्यक्ष पदार्थ यांची जुळणी करता आली. तांदूळ, गहू, नाशपाती, बोरे यांचे अवशेष मिळाले. रोगण चढवलेल्या ताटल्यांवर आणि प्याल्यांवर ‘जेवावे’, ‘प्यावे’ असे आग्रहाचे शब्द काळ्या-तांबड्या रंगांत लिहिलेले आहेत. आग्रह करून वाढण्याची रीत ज्या वाचकाच्या घरात आहे, त्याला या भांड्यांपाशी थांबण्यासाठी वेगळे कारण सांगावे लागू नये.

एका पात्रात पाण्यावर तरंगणारे कमळाच्या कंदाचे काप होते. पात्र हलवल्यावर ते विरघळून गेले. दोन हजार वर्षे टिकलेली भाजी काही क्षणांत नाहीशी झाली. संग्रहालयातील वस्तू टिकलेल्या असतात हे आपण गृहीत धरतो. न टिकलेल्या वस्तूंची नोंदही जवळ बाळगणे इष्ट.

वस्त्रांमध्ये जाळीदार रेशमाचा एक लांब बाह्यांचा झगा आहे. त्याचे वजन अवघे ४९ ग्रॅम. आजच्या कारागिरांना त्याची प्रतिकृती विणताना वजन जुळवणे कठीण गेले, कारण आजचा रेशमाचा किडा मोठा असतो आणि त्याचा धागाही जाड येतो. रेशीम प्रकाशाने जीर्ण होते. त्यामुळे अशा वस्तूंच्या बाबतीत काचेमागे मूळ वस्तू आहे की प्रतिकृती, हे शेजारच्या पाटीवरून पाहून घ्यावे. प्रतिकृती असल्यास निराश होण्याचे कारण नाही. या झग्याच्या बाबतीत तर प्रतिकृती हाच एक स्वतंत्र इतिहास आहे.

सर्वांत आतल्या पेटीवर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे रंगवलेले रेशमी वस्त्र अंथरलेले होते. त्याची लांबी दोन मीटरांहून थोडी अधिक आहे. वरच्या भागात स्वर्ग आहे : सूर्यात कावळा, चंद्रात बेडूक आणि ससा. तळाशी पाताळ आहे. मधल्या भागात काठीवर भार देऊन उभी असलेली एक प्रौढ स्त्री, तिच्यामागे सेविका आणि पुढ्यात गुडघे टेकलेली दोन माणसे दिसतात. ही स्त्री म्हणजे स्वतः शिन च्वेई, असे मानले जाते. १९७२ साली झालेल्या शवविच्छेदनात तिच्या पाठीच्या मणक्यातील दोष, हृदयाच्या रोहिण्यांचा विकार आणि पित्ताशयातील खडे आढळले. अन्नमार्गात खरबुजाच्या १३८ बिया होत्या. म्हणजे मृत्यूपूर्वी थोडाच वेळ आधी तिने ते फळ खाल्ले होते. चित्रातील काठी आणि वैद्यकीय अहवालातील मणका ही दोन साधने परस्परांपासून स्वतंत्र आहेत, आणि तरीही ती एकाच पाठदुखीविषयी बोलतात. हे चित्र अगोदर नीट पाहिलेले असेल तर पुढे काचेखालचा देह परका वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे चित्र न पाहता थेट देहाकडे धाव घेणे हा केवळ आखणीतील दोष नव्हे, तर त्या स्त्रीवर अन्याय आहे.

देह पाहावा की नाही, हेही अगोदरच ठरवावे. सोबत लहान मूल असल्यास हा निर्णय दालनाच्या दाराशी घेणे अवघड जाते. ज्यांना पाहावयाचे नाही त्यांना उरलेले प्रदर्शन मुळीच अपुरे वाटणार नाही.

मुलाच्या थडग्यातील साहित्याला मात्र वेगळा वेळ राखून ठेवावा. तेथे रेशमावर लिहिलेले ग्रंथ मिळाले : लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन प्रती, वैद्यकावरील लेखन, धूमकेतूंच्या आकृत्या, व्यायामाच्या ४४ मुद्रांचा तक्ता आणि नकाशे. लाओत्सेच्या प्रचलित पाठात जो भाग आधी येतो तो या प्रतींत नंतर येतो, ही गोष्ट पाठचिकित्सा शिकणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष रुचेल. नकाशांमध्ये दक्षिण दिशा वर आहे. आपण नकाशा पाहतो तेव्हा उत्तर वर असणे हे निसर्गसिद्ध मानतो. तो केवळ एक संकेत आहे, हे येथे एका दृष्टिक्षेपात उमगते.

प्रवेश, आरक्षण आणि दिवसाची निवड

व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगता येतील. चीनमध्ये २००८ पासून सार्वजनिक वस्तुसंग्रहालये टप्प्याटप्प्याने विनामूल्य करण्यात आली. हूनान संग्रहालयाचे कायमस्वरूपी प्रदर्शनही विनामूल्य आहे. परंतु विनामूल्य म्हणजे मुक्तद्वार नव्हे. प्रवेशासाठी काही दिवस आधी नावानिशी आरक्षण करावे लागते आणि परदेशी प्रेक्षकाने ते पारपत्राच्या क्रमांकावर करावयाचे असते. नाव पारपत्रात आहे त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांनी लिहावे. दाराशी मूळ पारपत्र दाखवावे लागते. छायाप्रत विश्रामगृहात असली तरी चालेल, मूळ प्रत मात्र खिशातच हवी.

चीनमधील बरीचशी आरक्षणे ‘वुईचॅट’ या उपयोजनातून होतात. भारतात त्यावर २०२० पासून बंदी असल्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात बसून हे काम उरकता येईलच, असे धरून चालू नये. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील सोय पाहावी, अथवा चीनमधील यजमानाला वा विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाला आगाऊ कळवून त्यांच्याकडून आरक्षण करून घ्यावे. गूगलच्या नकाशांवरही तेथे विसंबू नये. संग्रहालयाचे नाव व पत्ता चिनी लिपीत छापून जवळ ठेवला, की टॅक्सीचालकाशी होणारा निम्मा संवाद संपतो.

सोमवारी संग्रहालय सामान्यतः बंद असते. वसंतोत्सव, मे महिन्याचा आरंभ आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हे तेथील मोठ्या सुट्ट्यांचे दिवस असल्याने टाळावेत. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, आणि चांगशाचा उन्हाळा विदर्भातल्या माणसालाही घाम फोडील इतका दमट असतो. ग्वांगचौ येथे विमानाने उतरल्यास जलदगती रेल्वेने सुमारे अडीच तासांत चांगशा गाठता येते. रेल्वेचे तिकीटही पारपत्रावरच मिळते.

दिवसाचा क्रम

२०१७ साली खुल्या झालेल्या नव्या इमारतीत, जिचा आराखडा जपानी वास्तुतज्ज्ञ आराता इसोझाकी यांचा आहे, दोन मुख्य प्रदर्शने आहेत : मावांगद्वेईचे आणि ‘हूनानचे लोक’ या नावाचे. बहुतेक गट पहिले पाहून दमतात आणि दुसरे सोडून देतात. त्याऐवजी सकाळचे आरक्षण घेऊन प्रथम मावांगद्वेईकडे जावे. तेथील मांडणी प्रेक्षकाला हळूहळू खाली नेते. वस्तू आधी, पेट्या नंतर आणि अखेरीस देह, हा क्रम आपण मनात आखलेल्या क्रमाशी जुळतो. या प्रदर्शनाला अडीच तासांपेक्षा कमी वेळ देऊ नये. पाट्यांवर इंग्रजी मजकूर असतो, पण तो चिनी मजकुराहून त्रोटक असतो; घरून नेलेली टिपणवही येथे उपयोगी पडते. वहीत पंधरा वस्तूंची नावे पुरेत. त्याहून अधिक लिहिली तर प्रेक्षक वस्तू पाहण्याऐवजी वही भरत बसतो.

मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन दुपारी दुसरे प्रदर्शन पाहावे. भातशेती, मातीची भांडी, कांस्यकाम, घरे आणि बोली यांतून प्रांताचे दैनंदिन जीवन तेथे उलगडते. मिन फांगलेईचे पात्र पाहण्यास विसरू नये. सायंकाळपर्यंत उत्साह टिकून असेल, तर मावांगद्वेईच्या मूळ जागेचा विचार करावा. मुलाच्या थडग्याचा खड्डा तेथे जतन करण्यात आला आहे. मात्र तो पाहण्यास खुला आहे का, याची चौकशी संग्रहालयातच करून मग निघावे. तेथे वस्तू नाहीत, पेट्या नाहीत, दिवेही नाहीत. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली माती तेवढी आहे.