‘वरचा नट’ कोणता? : स्ट्रट बदलण्याची क्रिया आणि कार्यशाळेची मराठी

मोटारगाडीच्या पुढच्या चाकांवरील झिजलेले स्ट्रट घरच्या घरी बदलणे हा विषय भाषाभ्यासाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहजच येईल. त्याचे उत्तर त्या कामातील एका नटात आहे. बॉनेट उघडले असता प्रत्येक स्ट्रटच्या माथ्यावर दोन किंवा तीन लहान नट वर्तुळात बसविलेले आढळतात आणि त्यांच्या मधोमध, क्वचित एखाद्या टोपणाखाली, एक मोठा नट असतो. कडेचे नट काढले की स्ट्रट गाडीपासून सुटा होतो. मधला नट मात्र स्प्रिंग आधी दाबून न धरता काढला तर स्प्रिंगच मोकळी सुटते, आणि समोर असलेला हात, जबडा वा डोके यांची ती गय करीत नाही. आता या दोन्ही प्रकारच्या नटांना मराठीत तोंडी सूचना देणारा मनुष्य सर्रास ‘वरचा नट’ असे म्हणतो. शब्दाच्या संदिग्धतेची किंमत इतक्या रोखठोकपणे वसूल होण्याचे प्रसंग भाषेच्या व्यवहारात फार थोडे. म्हणूनच या क्रियेचे व तिच्या भाषेचे निरूपण एकत्र करणे सयुक्तिक ठरते.

प्रथम वस्तूचा विचार करू. अमेरिकन अभियंता अर्ल मॅक्फर्सन याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लहान गाडीसाठी चाकाच्या आधाराची एक सुटसुटीत रचना कल्पिली. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांतून ती प्रचारात आली. भारतात ती घरोघरी पोहोचली ती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मुळे. तत्पूर्वीच्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पुढच्या बाजूस दुहेरी आर्म, त्यांवर स्प्रिंग व शॉक ॲब्झॉर्बर, आणि मागे पाटे अशी व्यवस्था होती. तेथे शॉक ॲब्झॉर्बर हा केवळ एक सहायक अवयव होता. तो काढला तरी चाक आपल्या जागी राही. स्ट्रटचे तसे नाही. तो स्प्रिंगला बसावयास पाट देतो, तिची उसळी आवरतो, आणि शिवाय चाकाच्या वरच्या बाजूचा आधारही तोच असतो. स्टिअरिंग फिरविले की तो चाकासह स्वतः फिरतो. म्हणजे तो गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग होय.

महाराष्ट्रातील गॅरेजमध्ये या दोन्ही वस्तूंना एकच नाव आहे : ‘शॉकअप’. मूळ इंग्रजी शब्दाचे शेपूट झडून आणि उरलेल्या भागाला ‘अप’ या ओळखीच्या शब्दाचा आकार मिळून ते बनले असावे. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण होय. पुस्तकी मराठीत त्याच वस्तूसाठी ‘आघातशोषक’ असा प्रतिशब्द योजला जातो. तो ऐकावयास भारदस्त आहे. परंतु त्याच्यात मुळातील चूक जशीच्या तशी उतरली आहे. रस्त्याचा आघात झेलते ती स्प्रिंग. झेललेली शक्ती ती परत करते आणि गाडी वरखाली डोलू लागते. हे डोलणे थांबविणे एवढेच त्या नळकांड्याचे काम असते : आतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून रेटले जाते आणि गतीची उष्णता होते. ‘अवमंदक’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या बिनचूक ठरला असता. या तुलनेत अशिक्षित म्हणून हिणविलेला ‘शॉकअप’ निरुपद्रवी आहे. तो काहीच अर्थ सांगत नाही, म्हणून चुकीचा अर्थही सांगत नाही. त्याचा दोष निराळा आहे. सुटा शॉक ॲब्झॉर्बर बदलल्यास चाकांची दिशा बिघडत नाही, स्ट्रट बदलल्यास ती बिघडू शकते. हा भेद ‘शॉकअप’ या एका शब्दाखाली झाकला जातो, आणि ‘शॉकअप तर बदलले, अलाइनमेंट कशाला?’ असा प्रश्न ग्राहक विचारतो. या ठिकाणी ‘स्ट्रट’ हाच शब्द ठेवणे इष्ट.

स्ट्रट झिजल्याची लक्षणे फारशी गूढ नाहीत. नळकांड्यावर तेलाचे ओघळ दिसतात, गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदा बसून न थांबता पुन्हापुन्हा उसळते, ब्रेक दाबताच नाक खाली घालते, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात. खडखड आवाज मात्र नेहमीच स्ट्रटचा नसतो. वरच्या माउंटिंगचा रबर किंवा लिंक रॉड सैल झाला तरी तो येतो. बदलावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकदमच बदलावेत, कारण एक ताजा व एक थकलेला अशी जोडी गाडीला एका अंगाला ओढते.

आता प्रत्यक्ष क्रिया. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावयाचे, पण काढावयाचे नाहीत. ते काढावयाचे गाडी उचलल्यावर. या पहिल्याच पायरीवर ‘सोडणे’ हे क्रियापद अडचणीत आणते. ‘नट सोडा’ याचा अर्थ अर्धा फेरा फिरवा असाही होतो आणि पूर्ण उतरवा असाही होतो. ‘सैल करणे’ आणि ‘काढणे’ ही जोडी हाताशी असताना लेखी सूचनेत ‘सोडणे’ वापरण्याचे कारण नाही. जॅकने गाडी उचलल्यावर ती ठरलेल्या ठिकाणी घोडीवर टेकवावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही.

चाक उतरल्यावर स्ट्रटला बांधलेली ब्रेकची नळी, असल्यास सेन्सरची तार आणि लिंक रॉड मोकळे करावेत. स्ट्रटचे खालचे टोक ज्या ओतीव भागाला दोन बोल्टांनी जोडलेले असते त्याला कारागीर ‘नकल’ म्हणतात. ते बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या माथ्यांची आणि जोडाची स्थिती खडूने वा रंगाने खुणावून ठेवावी, कारण पुष्कळ गाड्यांत चाकाचा कल तेथेच ठरतो. नकलीला खालून आधार द्यावा. ती लोंबकळली तर ब्रेकच्या नळीवर ताण येतो आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो. मग एका हाताने स्ट्रट धरून वरचे कडेचे नट काढावेत. स्ट्रट हातात येतो.

येथवरचे काम पाने, गोट्या आणि धीर असणाऱ्या कोणासही साधते. पुढचे तसे नाही. स्ट्रट गाडीतून निघाला तरी स्प्रिंग अजून दोन बशांमध्ये आवळलेलीच असते. उदाहरणादाखल एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागणारी स्प्रिंग घ्यावी. ती तिच्या मोकळ्या लांबीपासून १५० मिलिमीटर दाबली असेल तर ती ३,००० न्यूटनने, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाने, रेटत असते. तिच्यात साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल भरते. एक किलोग्रॅमचा हातोडा २३ मीटर उंचीवरून खाली आल्यास जेवढी भरेल तेवढी. ही ऊर्जा कोंडून ठेवणारा एकमेव अवयव म्हणजे तो मधला नट.

म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावावा लागतो. त्याचे दोन आटेदार दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या अंगांना लावून त्यांचे आकडे नीट अडकले आहेत हे पाहावे, आणि एकदा हा, एकदा तो असे थोडेथोडे आवळत आणावे. एकच बाजू आवळली तर स्प्रिंग वाकून आकड्यातून निसटते. स्प्रिंग बशीवरून मोकळी झाली, हाताने हलू लागली, की मगच मधला नट काढावा, आणि त्याही वेळी तोंड स्ट्रटच्या रेषेत ठेवू नये. नट फिरविताना दट्ट्याचा दांडा फिरू नये म्हणून तो ॲलन कीने धरावयाचा असतो.

या टप्प्यावर ‘वरचा नट’ या शब्दाची दुसरी उणीव उघड होते. स्ट्रट टेबलावर आडवा ठेवला की वर आणि खाली राहातच नाहीत. स्थानावरून दिलेले नाव वस्तू हलली की निरर्थक होते. कार्यावरून किंवा संबंधावरून दिलेले नाव टिकते. ‘माउंटिंगचे नट’ आणि ‘दांड्याचा नट’ असे म्हटले की गाडीत, टेबलावर, हातात, कोठेही गोंधळ होण्याचे कारण उरत नाही. यासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज नाही. दोन्ही शब्द कारागिराच्या तोंडी आहेतच.

सूचनांच्या क्रियारूपाचाही विचार येथे अवश्य आहे. लेखी मराठीत निषेध सांगताना ‘नये’ची योजना होते : ‘दांड्याचा नट काढू नये’. परंतु रात्री नखे काढू नयेत, उंबऱ्यावर बसू नये, हे निषेधही त्याच रूपाने सांगितले जातात. ऐकणाऱ्याच्या कानाला दोहोंचे वजन सारखेच लागते, आणि दुसऱ्या प्रकारच्या निषेधांकडे दुर्लक्ष करण्याची त्याला चांगली सवय असते. त्यामुळे प्राणाशी गाठ असलेल्या निषेधापाशी कारण जोडलेच पाहिजे. ‘स्प्रिंग दाबलेली नसताना दांड्याचा नट काढल्यास स्प्रिंग उडेल’ हे वाक्य रुक्ष आहे, पण त्यास उपदेशाचा वास नाही.

उलट मराठीची संयुक्त क्रियापदे या कामास विलक्षण उपयोगी पडतात. जुना माउंटिंग आणि त्याखालचा बेअरिंग चांगला असेल तर तो ‘काढून ठेवावा’. चिरा गेलेला रबरी बफर व फाटलेले धूळरोधक आवरण ‘काढून टाकावे’. इंग्रजी पुस्तिकांत एकाच क्रियापदावर भागवून पुढे स्वतंत्र वाक्यात त्या वस्तूचे काय करावयाचे ते सांगावे लागते. मराठीत सहायक क्रियापदच वस्तूचे भवितव्य सांगून मोकळे होते. जोडणीतही तोच लाभ : बोल्ट आधी हाताने ‘लावून घ्यावेत’, शेवटी टॉर्क रेंचने ‘आवळून टाकावेत’.

नव्या स्ट्रटचा दांडा, तो तेलाचा असेल तर, उभा धरून काही वेळा पूर्ण वरखाली करावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. स्प्रिंगचे टोक बशीतील पायरीला टेकले पाहिजे. दांड्याचा नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळल्यावरच कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी हळूहळू सैल करावा. टॉर्कचा आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावयाचा असतो. दुसऱ्या गाडीचा चालत नाही. ज्यास कॉम्प्रेसरचा सराव नाही त्याने स्प्रिंग व माउंटिंगसह जोडलेला तयार स्ट्रट मिळत असल्यास तोच घ्यावा. पैसे अधिक पडतात, परंतु दांड्याच्या नटाला हातच लावावा लागत नाही.

तयार स्ट्रट मागविताना आणखी एक शब्द सांभाळावा लागतो. पुष्कळ गाड्यांचे डावे व उजवे स्ट्रट वेगळे असतात, आणि बॉनेटसमोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू होय. पुस्तिका बैठकीवरून पाहते, कारागीर बॉनेटसमोरून. दुकानदारांनी हा तिढा केव्हाच सोडविला आहे : ते ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘कंडक्टर साइड’ म्हणतात. कंडक्टर या पाच आसनी गाडीत कधी बसलेला नाही. पण बस-ट्रकच्या जगातून आलेली त्याची बाजू पाहणारा कोठेही उभा राहिला तरी बदलत नाही.

स्ट्रट जागी बसवून, खुणा जुळवून, चाक लावून गाडी खाली उतरविल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने पक्के करावेत. खुणा जुळल्या तरी अलाइनमेंट यंत्रावर तपासून घ्यावी; खडूच्या रेघेची जाडी चाकाच्या कलाला पुरेशी सूक्ष्म नसते.