छोटी गोळी, मोठं जनावर

‘जनावर केवढंही असो, छोटी रायफल पुरते,’ असं म्हणणारे भेटतात. विज्ञान काय सांगतं?

पॉइंट टू-टू रायफलीची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. नळीतून सुटताना तिच्यात साधारण १५० ज्यूल ऊर्जा असते. इंग्लंडचा कायदा मोठ्या हरणासाठी किमान २,३०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा मागतो. कमी ऊर्जेची गोळी हाडा-मांसात अडकते, हृदय-फुफ्फुसांपर्यंत पोचत नाही. जनावर पळून जातं आणि जखम चिघळून तडफडत मरतं.

डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले, हा दाखला नेहमी दिला जातो. पण ती गोळी लांब, भरीव आणि वेगवान होती. शिवाय बेलने हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासली होती. नळी बारीक असली, तरी मारा दुबळा नव्हता.

आपल्या जिल्ह्यात हा हिशेबच नको. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून काळविटांसाठी राखलेलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळविटाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. रानात बार ऐकू आला, जखमी जनावर दिसलं, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.