ठरलेली वेळ रद्द करतांना

मोटार किंवा दुचाकी चालविण्याचा पक्का परवाना हातीं येण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकासमोर वाहन चालवून दाखवावें लागतें. या परीक्षेची तारीख आतां घरबसल्या ठरवितां येते, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ठरल्या दिवशीं जाणें अशक्य झालें तर काय करावें, याचा विचार फार थोडे लोक करतात. पुष्कळजण नुसते घरीं बसतात व "पुढें पाहूं" म्हणून विषय सोडून देतात. वस्तुतः विषय तेथें संपत नाहीं. कसा, तें आज पाहावयाचें आहे.

प्रथम कायद्याची चौकट ध्यानांत घेऊं. मोटारगाड्यांविषयीं आपल्या देशांतील पहिला व्यापक कायदा १९१४ सालचा, त्यानंतरचा १९३९ चा, आणि सध्यां चालू असलेला १९८८ चा. त्या कायद्याप्रमाणें शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. आणि त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें तो मिळून ३० दिवस लोटल्यावांचून पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसतां येत नाहीं. म्हणजे उपयोगाचे महिने पांचच. परवाना मार्चच्या आरंभीं निघाला असेल, तर एप्रिल ते ऑगस्ट एवढाच काय तो अवकाश. मे महिन्याची तारीख लग्नसराईमुळें चुकली आणि जुलैची पावसामुळें टाळली, कीं गणपतीच्या सुमारास मुदत संपलेली असते. मग पुन्हां शिकाऊ परवान्यासाठीं अर्ज, पुन्हां शुल्क आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ! यास्तव तारीख बदलण्यापूर्वीं पहिली दृष्टि शिकाऊ परवान्यावरील अखेरच्या तारखेकडे गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट, पुढील मोकळ्या तारखा आधीं पाहाव्या आणि मगच हातांतील तारीख सोडावी. केंद्र सरकारच्या 'सारथी' या संकेतस्थळावर वेळ ठरविण्याची जशी सोय आहे, तशीच ती रद्द करण्याचीही आहे. अर्जाचा क्रमांक व जन्मतारीख जवळ असावी. अर्जांत नोंदविलेला मोबाइलही हाताशीं असावा, कारण खातरजमेचे अंक त्यावरच येतात. हे अंक मध्यस्थास सांगूं नयेत. जें काम आपण स्वतः थोड्या वेळांत करूं शकतों, त्यासाठीं आपल्या नांवाची किल्ली परक्याच्या हातीं कां द्यावी? काम झाल्यावर शुल्काची पावती व नव्या वेळेचा कागद जपून ठेवावा.

आतां वेळ रद्द करण्यास योग्य कारण कोणतें? आजारपण, घरांतील दुःखद प्रसंग, किंवा ज्या वाहनावर परीक्षा द्यावयाची तें ऐनवेळीं बंद पडणें, हीं कारणें उघड आहेत. ज्या जातीच्या वाहनाचा परवाना हवा, त्याच जातीच्या वाहनावर परीक्षा होते. तेव्हां वाहन नाहीं तर परीक्षाही नाहीं. परंतु केवळ भीति वाटते म्हणून तारीख टाळणें शहाणपणाचें नव्हे. नापास झालेल्या उमेदवारास सात दिवसांनंतर पुन्हां बसण्याची मुभा कायद्यानेंच दिली आहे. मात्र तीनदां अपयश आल्यास ६० दिवस थांबावें लागतें. म्हणून सराव खरोखरच अपुरा असेल तर तारीख पुढें ढकलावी. सराव झाला असून केवळ धीर खचत असेल तर जावें.

येथवर आपल्या हिताचा विचार झाला. परंतु याला दुसरीही एक बाजू आहे. निरीक्षक दिवसाकाठीं मोजक्याच उमेदवारांची परीक्षा घेऊं शकतो. आपण न कळवितां गैरहजर राहिलों, तर ती जागा कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. ती वेळेवर सोडली तर दुसऱ्या कोणास मिळूं शकते. आणि तो दुसरा कदाचित् असा असेल कीं, परवाना नाहीं म्हणून ज्याची नोकरी अडून राहिली आहे. आपणांस जी किरकोळ गैरसोय, ती त्याच्या घरीं महिन्याच्या पगाराची गोष्ट असते.

हेंच तत्त्व ग्रेट ब्रिटनमध्यें नियमाच्या रूपानें दिसतें. तेथें ही परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची झाली. मोटारीच्या परीक्षेची वेळ शुल्क न गमावतां बदलावयाची, तर पूर्वीं कामाचे पूर्ण तीन दिवस आधीं कळविणें पुरत असे. ८ एप्रिल २०२५ पासून ही मुदत दहा दिवसांची करण्यांत आली. हेतु हा कीं, सोडलेली जागा वाट पाहणाऱ्या दुसऱ्या उमेदवारास खरोखर घेतां यावी. आजारपण किंवा निकटच्या आप्ताचा मृत्यु यांसारख्या प्रसंगीं तेथेंही सवलत आहे. आपल्याकडील नियमांची रचना निराळी असली, तरी त्यांतील विचार आपणांसही घेण्यासारखा आहे.

तात्पर्य, मुदत पाहावी, पुढची तारीख हेरावी, आणि जाणें होणार नाहीं असें नक्की होतांच त्याच दिवशीं वेळ मोकळी करावी. रस्त्यावर मागून घाईनें येणाऱ्यास वाट देणें हा चांगल्या चालकाचा पहिला गुण मानतात. तो गुण परवाना मिळण्यापूर्वींच दाखविण्याची ही संधि आहे.