आयआरटी शिकवणारी साधने

आयटम रिस्पॉन्स थिअरी, म्हणजेच आयआरटी, विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मोजपट्टीवर मांडते. डेन्मार्कचे गणिती जॉर्ज रॅश यांनी १९६० मध्ये तिचे सर्वांत साधे रूप मांडले. क्षमता आणि काठिण्य सारखे असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के असते. विद्यार्थी एका एककाने वरचढ असेल तर ती ७३ टक्के होते, दोन एककांनी असेल तर ८८ टक्के. सूत्र एका ओळीचे आहे, पण फळ्यावर लिहून ते उमगत नाही. क्षमतेनुसार बरोबर उत्तराची शक्यता दाखवणारा वक्र काठिण्य वाढले की उजवीकडे सरकतो; भेदनक्षमता, म्हणजे जवळपासच्या क्षमतांत फरक करण्याची प्रश्नाची ताकद, वाढली की त्याची चढण उभी होते. ही हालचाल डोळ्यांनी पाहावी लागते.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे फ्रँक बेकर यांनी हे ओळखले होते. ‘द बेसिक्स ऑफ आयटम रिस्पॉन्स थिअरी’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९८५ मध्ये निघाले ते अ‍ॅपल टू आणि आयबीएम पीसीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसह. विद्यार्थ्याने भेदनक्षमता व काठिण्याचे आकडे भरायचे, पडद्यावर वक्र उमटू द्यायचा, आकडे बदलून दुसरा वक्र त्याच्याशी ताडून पाहायचा. २००१ ची दुसरी आवृत्ती विनामूल्य उपलब्ध झाली आणि २०१७ मध्ये सोक-हो किम यांच्यासह तेच धडे आर या मुक्त संगणकभाषेत आले. नवशिक्याने आजही सुरुवात इथूनच करावी, इतकी त्याची मांडणी सरळ आहे.

प्रत्यक्ष उत्तरपत्रिकांचे विश्लेषण करणारी साधने वेगळी. विन्स्टेप्स या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती मिनिस्टेप २५ प्रश्न आणि ७५ विद्यार्थ्यांपर्यंतच चालते. वर्गातल्या सरावाला तेवढे पुरते. जेमेट्रिकमध्ये मेनू निवडून काम होते. आरमधले एलटीएम, ईआरएम, टीएएम आणि एमआयआरटी हे संच संशोधकही वापरतात, मात्र त्यांत आज्ञा लिहाव्या लागतात. ती अडचण शायनीआयटमअ‍ॅनालिसिसने दूर केली. पॅट्रिशिया मार्टिनकोव्हा आणि सहकाऱ्यांनी प्रागमध्ये घडवलेले हे साधन ब्राउझरमध्ये उघडते, आलेख दाखवते आणि त्यामागची आरची आज्ञाही समोर ठेवते. शिकणाऱ्याला बटणाआडचे गणित दिसते, हा त्याचा मोठा गुण.

ही साधने कुठे उपयोगी पडतील, यासाठी बीड जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तिथे हा विषय परका नाही. एनसीईआरटीने पाचवीच्या संपादणूक सर्वेक्षणात, ज्याचा अहवाल २०१२ मध्ये आला, आयआरटी वापरली. १२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय सर्वेक्षण ७२० जिल्ह्यांत झाले, सुमारे ३४ लाख विद्यार्थी त्यात बसले आणि बीडसह प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र प्रगतिपत्रक निघाले. अशा प्रगतिपत्रकातला ५०० पैकीचा आकडा शेकडेवारीसारखा वाचला, तर उपाययोजनाही चुकीच्या जागी होते. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी या साधनांची खरी गरज आहे ती याचसाठी.

जिल्ह्याला आणखी एक निकड आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. परतलेल्या मुलाला वर्गाचीच प्रश्नपत्रिका दिली तर ते किती मागे पडले हे नीट कळत नाही. पंचवीस प्रश्न त्याच्या क्षमतेइतकेच कठीण असतील, तर रॅशच्या सूत्राने प्रत्येक प्रश्नातून ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५ इतकी माहिती मिळते. एकूण ६.२५, आणि त्याच्या वर्गमुळाने एकाला भागले की प्रमाण त्रुटी ०.४ येते. तेच प्रश्न त्याला दोन एककांनी कठीण असतील, तर प्रत्येकाची माहिती ०.१०५ वर येते आणि त्रुटी ०.६२ होते. कागद तेवढाच, मेहनत तेवढीच, अंदाज मात्र कितीतरी सैल. सोपे प्रश्न देऊनही मूल वर्गाच्याच पट्टीवर मोजता येते. अट एवढीच, की दोन्ही पत्रिकांत काही प्रश्न सामाईक असावेत. वरील संचांपैकी एमआयआरटी आणि टीएएममध्ये अशा दोन गटांची उत्तरे एकत्र बसवता येतात.

प्रश्नांचे काठिण्य ठरवायला मात्र एका शाळेचा वर्ग पुरत नाही. रॅशच्या प्रतिमानाला शंभराच्या आसपास विद्यार्थी तरी हवेत, भेदनक्षमताही काढायची तर काही शे. वाडी-तांड्यावरच्या शाळेने एकटीने हे करू नये. केंद्रातल्या सर्व शाळांच्या उत्तरपत्रिका एकत्र कराव्यात. नोंद साध्या तक्त्यात करता येते: प्रत्येक मुलाची एक ओळ, प्रत्येक प्रश्नाचा एक स्तंभ, बरोबर उत्तराला १ आणि चुकीच्याला ०. न विचारलेल्या प्रश्नाची चौकट रिकामी ठेवायची. तिथे ० भरले तर संगणक ते चूक धरतो आणि परतलेल्या मुलाची क्षमता विनाकारण खाली जाते.