स्नोमोबिल आणि स्नो बाइक: बर्फावरच्या दोन चाली
ताज्या, भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो आणि गाडीचे चाक जागच्या जागी फिरून खड्डा करते. तिथे चालणाऱ्या वाहनाला आपला भार मोठ्या जागेवर पसरावा लागतो. स्नोमोबिल आणि स्नो बाइक दोन्ही हेच करतात, पण वेगवेगळ्या रीतीने. त्यांच्या चालीतले बहुतेक फरक त्यातूनच येतात.

स्नोमोबिलचा इतिहास कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या वालकूर गावाशी जोडलेला आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या तरुणाने १९२२ साली, वयाच्या १५व्या वर्षी, बर्फावर धावणारे आपले पहिले यंत्र बनवले. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. त्यानंतर काही वर्षांतच बॉम्बार्डिएने पट्ट्यावर चालणाऱ्या, अनेक माणसे नेणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. हलकी, एकदोन माणसांची ‘स्की-डू’ आली ती १९५९मध्ये. या वाहनाचा जन्म गरजेतून झाला, हे विसरून त्याच्याकडे नुसते खेळणे म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

स्नोमोबिलला पुढे दोन स्की असतात आणि मागे सुमारे ३८ ते ४० सेंटिमीटर रुंदीचा रबरी पट्टा. गिअर बदलावे लागत नाहीत. आपल्याकडच्या स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा असते. डोंगरी स्नोमोबिलचे ८५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन दीडशेहून अधिक अश्वशक्ती देते, आणि गाडीचे वजन २०० किलोच्या आसपास जाते.

स्नो बाइक मुळात मातीवर धावणारी मोटरसायकल असते, बहुधा ४५० सीसीची. तिचे पुढचे चाक काढून एक स्की बसवतात आणि मागच्या चाकाच्या जागी जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीचा लांब पट्टा. उन्हाळा आला की चाके परत चढतात. असे जोडसंच बनवणारी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातली ‘टिंबरस्लेड’ ही कंपनी २०१५मध्ये स्नोमोबिल बनवणाऱ्या पोलारिसने विकत घेतली, आणि २०१७मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकच्या शर्यतीला स्थान मिळाले.

खरी परीक्षा होते ती आडव्या उतारावर. डोंगराच्या कुशीतून तिरपे जाताना दोन स्कींची स्नोमोबिल सपाट बसू पाहते आणि खाली घसरू लागते. चालकाला सगळे अंग डोंगराच्या बाजूला झोकून ती एका कडेवर उभी धरावी लागते. हे कसब यायला वेळ लागतो. स्नो बाइक मात्र मोटरसायकलसारखी कलते, पट्ट्याची कड बर्फात रुतवते आणि धरलेली रेषा सोडत नाही. दाट सूचिपर्णी झाडीतून वाट काढताना तिचा अरुंद देह फार उपयोगी पडतो. रुतली तरी स्नोमोबिलच्या मानाने बरीच हलकी असल्याने एकट्याला ती बाहेर काढणे पुष्कळदा जमते. रुतलेली स्नोमोबिल उकरून काढायला मात्र बहुधा सोबती लागतो.

उघड्या, खड्या चढावर खोल बर्फ असेल तर पारडे फिरते. तिथे रुंद पट्टा आणि तिप्पट अश्वशक्ती यांच्यापुढे बाइकचे काही चालत नाही. दाबून घट्ट केलेल्या वाटेवर तिची एकुलती स्की जुन्या चाकोऱ्यांत अडकून भरकटते. थांबताना पाय टेकवावा तर खोल बर्फात तळ लागत नाही. मागे जाण्याची सोयही तिच्यात नसते. इंजिनाच्या तापमानाचा प्रश्न तर दोघींचा उलटा आहे: स्नोमोबिलचे इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर थंड होते, म्हणून नुसत्या कडक बर्फावर ते तापते, बाइकचे इंजिन उन्हाळ्यासाठी घडवलेले, म्हणून त्याच्या रेडिएटरला आवरण घालून ते उबदार ठेवावे लागते.

ओझे ओढणे, जखमीला खाली आणणे, मागे दुसऱ्याला बसवणे ही कामे स्नोमोबिलचीच. गुलमर्गला गेलेले मराठी पर्यटक बसतात तीही हीच. कसलेल्या मोटरसायकलस्वाराला मात्र जंगलाचा आनंद बाइकच अधिक देते, यात शंका नाही.

हिमस्खलनाचा धोका दोन्हीकडे सारखाच, आणि बाइकच्या सहज चालीमुळे नवखा स्वार धोक्याच्या जागी लवकर पोचतो, ही काळजीची बाब आहे. बहुतेक घातक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. ती इंजिनाच्या आवाजाने नव्हे, तर बर्फाच्या कच्च्या थरावर पडलेल्या भाराने सुटतात. म्हणून अशा उतारावर एका वेळी एकानेच जायचे असते आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची असते. गाडलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे स्वाराच्या अंगावरच हवीत, कारण स्खलनात वाहन आणि स्वार वेगळे होऊ शकतात. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात शेजारचा सोबतीच मदतीला पोचू शकतो.