इंजिन तेच, मग ताकद वेगळी कशी?

छोट्या गाडीसाठी बाहेरून टर्बो इंजिन मागवायचंय? आधी रांजणगावात तयार झालेल्या दोन फियाट बघा. २०१० ची लिनिया टी-जेट ११४ पीएसची, २०१५ ची अबार्थ पुंटो १४५ ची. दोन्हींत १,३६८ सीसीचं टी-जेट इंजिनच! फरक जुळणीचा. म्हणून इंजिनासोबत त्याचा ईसीयू, वायरिंग, इंटरकूलरही हवा; परभणीच्या उन्हाळ्यात तर हवा थंड ठेवणं आणखी महत्त्वाचं.

पण कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलं. एमएच-२२ पासिंगची गाडीही त्यातून सुटत नाही.

संशोधनातही तसंच. ‘इंजिनामुळे ताकद वाढली’ असं लिहिण्याआधी सोबत आणखी काय बदललं, ते तपासा.