लहान म्हणजे अपुरे नव्हे

मृत्यूनंतर दान केलेली तान्ह्या बाळाची किडनी मोठ्या माणसाच्या काय कामाची, असा सर्वसाधारण समज आहे. नवजात बाळाची किडनी जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर लांब, मोठ्या माणसाची दहा-बारा, शंका येणारच. पण रक्त गाळण्याचे काम किडनीतल्या नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म गाळण्या करतात, आणि त्या गर्भाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत घडून झालेल्या असतात. जन्मानंतर नवी एकही तयार होत नाही. आहेत त्याच वाढतात. पूर्ण दिवसांचे बाळ आयुष्यभराची शिदोरी घेऊनच जन्मते, आणि ती मधुमेहाने वा रक्तदाबाने झिजलेली नसते.

ही किडनी लहानच राहते, हाही गैरसमज. मोठ्या शरीराचा रक्तपुरवठा मिळाला की ती काही महिन्यांत वाढते. तोवर काम भागावे म्हणून दोन्ही किडन्या एकाच रुग्णाला बसवतात. याला ‘एन ब्लॉक’ प्रत्यारोपण म्हणतात. बाळाच्या महाधमनीचा आणि महाशिरेचा तुकडा किडन्यांसकट सलग काढतात, वरची तोंडे शिवून टाकतात आणि खालची रुग्णाच्या ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. वाहिन्या इतक्या बारीक की गुठळी होऊन सुरुवातीच्या दिवसांतच सगळे वाया जाण्याचा धोका असतो. हा आक्षेप खराच आहे, म्हणून हे काम अनुभवी केंद्रानेच करावे. पण तो टप्पा पार पडला की ही जोडी प्रौढ दात्याच्या किडनीच्या तोडीने दीर्घकाळ काम करू शकते. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात 2022 साली अवघ्या 39 दिवसांच्या बाळाच्या किडन्या अशाच उपयोगी पडल्या.

‘अवयवांसाठी घाईने मृत ठरवतील’ ही भीती मात्र शरीरशास्त्राने जात नाही. तिला कायद्याचे उत्तर आहे. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. अवयव काढणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात जागा नसते. लहानग्यांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञ याहून जास्त अंतर ठेवतात. संमती आई किंवा वडिलांची लागते आणि नकार देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तो नकार दुःखातून आला तर त्याचा मान राखावा. ‘एवढ्याशा जिवाचे काय उपयोगी पडणार’ या समजुतीतून मात्र तो येऊ नये.